सिगडीच्या उष्णतेवर वीज: थर्मोइलेक्ट्रिक मॉड्यूल नीट कसं बसवायचं

मॉड्यूल तव्यावर ठेवलं, एलईडी झटक्यात लागला, मिनिटभरात मंद झाला आणि मग विझलाच. इंदूरात सायन्स एक्झिबिशनच्या आदल्या रात्री जागणारी पोरं आणि त्यांचे आईबाबा सगळे हीच तक्रार करतात, आणि शिव्या मॉड्यूलला पडतात. मॉड्यूल बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज करतं, म्हणून त्याला एक बाजू गरम आणि दुसरी थंड, दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि तुम्ही गरम बाजूची सोय करून थंड बाजू वाऱ्यावर सोडलेली असते. पातळसं मॉड्यूल दोन मिनिटांत आरपार तापतं, फरक संपतो, वीज संपते.

इथे जे बनवायचंय ते असं: खाली कोळशाची सिगडी, तिच्यावर जाड अॅल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर दोन मॉड्यूल, मग दुसरी प्लेट आणि सगळ्यात वर पाण्यानं भरलेलं पातेलं. यातून अर्धा ते एक वॅट मिळतो. लाइट गेल्यावर खोलीत वाचण्यापुरता उजेड पडतो. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, निम्म्या चुका क्रमातच होतात.

१. आधी कागदावर हिशोब

बाजारात एसपी१८४८-२७१४५ नावाचं ४० बाय ४० मिलिमीटरचं मॉड्यूल मिळतं. त्याच्या माहितीत छापलेलं असतं की ६० अंश फरकाला २.४ व्होल्ट आणि ४६९ मिलिअँपिअर, १०० अंश फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपिअर. लोक काय करतात, ४.८ गुणिले ०.६६९ करतात, ३.२ वॅट आले म्हणून खूश होतात आणि दोन मॉड्यूलवर मोबाइल चार्ज करायचा प्लॅन आखतात.

तो व्होल्टेज काहीच न जोडता मोजलेला आहे आणि तो करंट दोन्ही वायरी शॉर्ट करून मोजलेला आहे. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. लोड, म्हणजे वीज खाणारी वस्तू, बरोबर जुळला की व्होल्टेज निम्मा होतो आणि करंटही निम्मा होतो, म्हणजे हाती येतो गुणाकाराचा चौथा भाग. १०० अंशांना ०.८ वॅट, ८० अंशांना अर्धा वॅट, ६० अंशांना पाव वॅटच्या जरा वर. फरक निम्मा झाला तर वीज निम्म्याहून खूपच कमी होते, हे या आकड्यांत दिसतंच.

आता मोबाइलचं बघू. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. अर्ध्या वॅटनं, मधलं नुकसान धरून, दोन दिवस सिगडी पेटती ठेवावी लागेल. एवढ्या कोळशाच्या भावात पॉवर बँक येते, भिया. म्हणून पहिलं टार्गेट एलईडी ठेवा.

२. सामान, आणि कुठे पैसे वाचवायचे नाहीत

मॉड्यूल. जेल रोडवर किंवा ऑनलाइन दोन जाती दिसतील. एक पेल्टिअर, टीईसी१-१२७०६, जो मुळात थंड करायला बनवलाय. दुसरा वर सांगितलेला, वीज करायला म्हणून विकला जाणारा. पेल्टिअर वीज करतच नाही असं समजू नका, दोघांच्या आत बिस्मथ टेल्युराइडच आहे आणि उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत पेल्टिअर अगदी छान चालतो. अडचण आतल्या सोल्डरची. पेल्टिअरची मर्यादा साधारण १३८ अंश, कारण तेवढ्यावर ते सोल्डर वितळतं आणि आतले तुकडे जागचे सरकतात. दुसऱ्याची विकणारे १५० अंश सांगतात. दोन्ही आकडे सिगडीपुढे किरकोळ आहेत, लाल कोळसा सातशेच्या वर असतो. सिगडीवर करायचं असेल तर दुसराच घ्या, आणि तीन घ्या, एक स्पेअर.

प्लेटा. अॅल्युमिनियम, किमान ६ मिलिमीटर जाड. सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे किंवा कबाडीकडे तुकडा मिळतो. स्टेनलेस स्टीलची प्लेट घेऊ नका, ती अॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाइतकीसुद्धा उष्णता नेत नाही. खालची प्लेट सिगडीच्या तोंडापेक्षा मोठी पाहिजे, कारण पुढे येईलच.

पातेलं. सपाट बुडाचं अॅल्युमिनियमचं, किमान दोन लिटरचं. बुडाला फूटपट्टी उभी लावून बघा, मधून उजेड दिसला तर दुसरं शोधा. घरातली जुनी पातेली बहुतेक पोट काढलेली असतात.

बाकी: थर्मल पेस्टची मोठी ट्यूब, ४ मिलिमीटरचे स्टेनलेसचे तीन बोल्ट, स्प्रिंग वॉशर, अभ्रकाचे किंवा फायबरचे वॉशर, थोडी ग्लास वूल, १० ओहम २ वॅटचा रेझिस्टर, १ वॅटचा पांढरा एलईडी, आणि तापमान मोजणारा मल्टिमीटर. तो तापमानवाला प्रोब टाळू नका. गंमत म्हणजे त्या प्रोबच्या टोकालाही हेच तत्त्व आहे, दोन धातूंचा जोड तापला की मायक्रोव्होल्टमध्ये व्होल्टेज येतो आणि मीटर त्याचे अंश करून दाखवतो.

पंखा लावलेला सीपीयू कूलर थंड बाजूला लावायचा मोह होतो. लावू नका. १२ व्होल्ट ०.१५ अँपिअरचा पंखा १.८ वॅट खातो, तुमचा कारखाना एक वॅटचा.

३. मॉड्यूल बसवण्याआधी तपासा

मॉड्यूल टेबलावर, मीटर मिलिव्होल्टवर, वरून तळहात ठेवा. आकडा हलला पाहिजे. हात ठेवलेली बाजू गरम धरून लाल वायरवर प्लस येतोय की मायनस ते बघा आणि प्लस येणाऱ्या गरम बाजूवर पेन्सिलनं ग लिहा. दोन्ही मॉड्यूलचं हे आत्ताच करून ठेवा, नंतर एक उलटं बसलं तर दोघं एकमेकांना खातात आणि मीटरवर शून्याजवळ काहीतरी येतं.

ही टेस्ट मे महिन्यात दुपारी करू नका. खोलीच ३८-४० अंशांवर असते, तळहात त्याहून थंड, आकडा येत नाही किंवा उलटा येतो आणि चांगलं मॉड्यूल खराब समजून परत केलं जातं. उन्हाळ्यात हाताऐवजी बर्फाचा खडा पिशवीत घालून ठेवा, फक्त तेव्हा वरची बाजू थंड आहे हे लक्षात ठेवून खूण करा.

सावधान: मीटर ओहमवर लावून मॉड्यूलचा रेझिस्टन्स मोजू नका. मॉड्यूल थोडंही कोमट असेल तर ते स्वतः व्होल्टेज देतं आणि मीटर काहीही दाखवतो, प्रोब उलटसुलट केले की वेगळाच आकडा. रेझिस्टन्स कसा काढायचा ते सातव्या पायरीत आहे.

४. सँडविच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्लेटांचा मॉड्यूलखाली येणारा भाग आधी काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, आधी १५० नंबर, मग ४००. भोकं पाडल्यावर त्यांच्या कडेला जी धार वर येते ती नक्की घासा, तेवढ्या धारेवर अख्खी प्लेट उचलून राहते.

भोकं कुठे? चार कोपऱ्यांना पाडायची सवय असते, ती इथे नडते. कोपरे आवळले की प्लेट मधून कमानीसारखी वाकते आणि मॉड्यूलच्या मध्यावर दाबच राहत नाही. तीन भोकं एका रेषेत पाडा: एक पहिल्या मॉड्यूलच्या बाहेर, एक दोघांच्या मधे, एक दुसऱ्याच्या बाहेर, सगळी मॉड्यूलच्या मध्यरेषेवर आणि मॉड्यूलला जितकी जवळ जमतील तितकी.

पेस्ट पातळ लावायची, जुन्या एटीएम कार्डानं ओढून, खालचा पांढरा सिरॅमिक जरासा दिसेल इतकी. पेस्टचं काम बारीक खड्डे भरायचं आहे. जाड थर लावला तर तोच उष्णतेला अडवतो. एपॉक्सीनं चिकटवणारेही भेटतात. एकदा चिकटलं की गरम-थंड होताना प्लेट फुगते, सिरॅमिक फुगत नाही, आणि मॉड्यूलला तडा जातो.

क्रम असा ठेवा: खालची प्लेट, पेस्ट, दोन्ही मॉड्यूल ग बाजू खाली, हलकेच मागेपुढे सरकवून बसवा, पिळू नका कारण आतले तुकडे खडूसारखे ठिसूळ असतात. मग वरच्या बाजूला पेस्ट, मॉड्यूलच्या भोवतीच्या फटीत ग्लास वूल, मग वरची प्लेट. दोन्ही मॉड्यूल एकाच लॉटची पाहिजेत, जाडीत केसाचा फरक असला तरी पातळ असलेलं काम करत नाही.

बोल्ट आवळताना मधला थोडा, मग डावा थोडा, मग उजवा थोडा, पुन्हा मधला. एकदम एकच पूर्ण आवळला की मॉड्यूलच्या कडेवर सगळा भार येतो आणि कट् असा आवाज येतो, तो आला की स्पेअर काढायचं. बोल्टच्या डोक्याखाली अभ्रकाचा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर. बोल्ट स्टेनलेसचाच हवा, कारण साधा लोखंडी बोल्ट त्याच्या तिप्पट उष्णता खालून वर पळवतो आणि ती मॉड्यूलच्या हिशोबातून जाते.

तपासा: थोडं आवळून पुन्हा खोला. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली दिसायला हवी. जिथे कोरडी जागा दिसेल तिथे प्लेट सपाट नाही, परत घासा. हा कंटाळा करणाऱ्यांचीच वीज निम्मी येते.

५. पहिली ट्रायल वाफेवर

थेट सिगडीवर जायचं नाही. राजवाड्यापाशी पोहे जसे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून गरम ठेवतात, तसं सँडविच आधी गॅसवरच्या उकळत्या पातेल्याच्या तोंडावर ठेवा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि वाफ त्याच्या पुढे जात नाही. म्हणजे मॉड्यूल जळायची भीतीच नाही, हवा तेवढा वेळ मोजमाप करा.

क्रम पाळा: आधी वरच्या पातेल्यात गार पाणी भरा, त्याच्या बुडाला पेस्टचा पातळ हात फिरवून वरच्या प्लेटवर टेकवा, आणि मगच खालचा गॅस लावा. बंद करताना उलटं, आधी गॅस बंद, पाणी सगळ्यात शेवटी काढायचं. सगळे प्रयोग ज्या एका चुकीनं संपतात ती हीच, की पाणी नंतर ओतू म्हणून खालून आच लावली.

६. जोड चांगला आहे का, ते मॉड्यूललाच विचारा

हा भाग कुणी करत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

दोन्ही मॉड्यूल सिरीजमध्ये जोडा, लोड काहीच नको. खालच्या प्लेटला प्रोब लावून तापमान घ्या, वरच्या प्लेटचं घ्या. समजा खाली ९४, वर ३४, फरक ६०. आता व्होल्टेज बघा. त्या छापील आकड्यांवरून एका मॉड्यूलला एका अंशाला ०.०४ ते ०.०५ व्होल्ट पडतात. दोघांना मिळून ६० अंशांवर ४.८ च्या जवळपास यायला हवेत.

चार-साडेचार आले तर काम छान आहे. अडीच आले तर मॉड्यूलला खरा फरक तीस-बत्तीस अंशांचाच मिळतोय, आणि बाकीचे पेस्ट, हवेची फट, वाकडी प्लेट यांत अडकलेत. आच वाढवून हे सुटत नाही, उलट मॉड्यूलची खालची बाजू मर्यादेपुढे जाते. खोला, घासा, पेस्ट पातळ करा, पुन्हा बसवा.

प्रत्येक मॉड्यूलचा व्होल्टेज वेगळा पण मोजा. एकाचा २.१ आणि दुसऱ्याचा १.३ असेल तर दुसऱ्यावर दाब कमी पडतोय, त्याच्याकडचा बोल्ट पाव फेरा आवळा.

७. लोड

आता १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. लगेच वाचलेला आकडा फसवा असतो, कारण करंट वाहायला लागला की मॉड्यूल स्वतःच गरम बाजूकडून जास्त उष्णता ओढून थंड बाजूला टाकतं आणि फरक थोडा खाली येतो.

समजा मोकळा, म्हणजे लोड न लावताचा, व्होल्टेज ५.० होता, रेझिस्टर लावल्यावर २.३ झाला. आतला रेझिस्टन्स काढायचा तर पडलेला व्होल्टेज भागिले उरलेला व्होल्टेज गुणिले १०, म्हणजे २.७ भागिले २.३ गुणिले १०, साधारण १२ ओहम. दोन मॉड्यूलला १० ते १४ म्हणजे बरोबर. पंचवीस-तीस आला तर कुठेतरी वायरीचा जोड ढिला आहे किंवा एका मॉड्यूलच्या आत तडा आहे. वॅट काढायचे तर २.३ गुणिले २.३ भागिले १०, अर्धा वॅट. पहिल्या पायरीतला हिशोब इथे येऊन जुळला पाहिजे.

एलईडीसाठी कन्व्हर्टर विकत घेऊ नका, लागतच नाही. १ वॅटच्या पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि मॉड्यूलचा आतला रेझिस्टन्सच करंटला आवर घालतो. ५ व्होल्टातून ३ गेले, उरले २, त्याला १२ नं भागा, १७० मिलिअँपिअर. म्हणजे अर्धा वॅट सरळ एलईडीत, आणि लोडही जवळपास जुळलेला. ८० अंश फरकाला ३०० च्या पुढे जातो, १ वॅटच्या एलईडीची मर्यादा ३५० असते, म्हणून त्याला छोटी अॅल्युमिनियमची चकती लावा.

५ व्होल्टच पाहिजेत अशांनी ०.९ ते ५ व्होल्ट इनपुटचा स्टेप-अप, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा, बोर्ड घ्यावा, पण त्या वेळी मॉड्यूल पॅरलल जोडा. सिरीजमध्ये ८० अंशांना मोकळा व्होल्टेज ७ च्या वर जातो आणि यूएसबी काढली त्या क्षणी बोर्ड उडतो. बोर्डाच्या इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर तो चालू-बंद चालू-बंद करत राहतो. मोबाइल थेट लावू नका, तो जास्त करंट मागतो, व्होल्टेज पडतो, चार्जिंगचं चिन्ह येतं आणि जातं. मधे टीपी४०५६ चार्जर आणि एक लिथियम सेल ठेवा. त्या चार्जरच्या बोर्डावरचा १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर १ अँपिअरसाठी असतो, तो काढून १० किलो-ओहमचा टाकला की १३० मिलिअँपिअरच ओढतो, तेवढं आपल्या सेटला परवडतं.

निकेलचे सेल थेट चार्ज करायचे असतील तर मधे १एन५८१९ डायोड हवाच. सिगडी विझल्यावर सेल उलटा मॉड्यूलमध्ये करंट सोडतो आणि रात्रभरात रिकामा होतो.

८. सिगडी

सावधान: कोळशाची सिगडी बंद खोलीत पेटवायची नाही, दार-खिडकी बंद करून तर नाहीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सेट गच्चीत किंवा ओसरीत ठेवा आणि एलईडीची वायर लांब करून आत न्या.

कोळसा लाल होऊन धूर बसेपर्यंत सेट बाजूला ठेवा. मग पाणी भरलेलं सँडविच लोखंडी स्टँडवर, कोळशापासून एक वीत वर. प्लेटवर प्रोब. तापमान हळूहळू चढेल, १२० ला आलं की थांबतंय का बघा. १३० च्या वर जायला लागलं तर स्टँड उंच करा किंवा सिगडीचं खालचं दार लावा. वाऱ्याच्या एका झोतानं कोळसा फुलतो आणि दहा-पंधरा अंश झटक्यात चढतात, म्हणून १५० च्या मॉड्यूलला १३० वरच अडवायचं.

खालची प्लेट तोंडापेक्षा मोठी का, ते आता कळेल. छोटी असेल तर गरम हवा बाजूनं वर जाऊन पातेल्यालाच लागते, पाणी भराभर तापतं पण मॉड्यूलमधून काही जात नाही. प्लेट कमी पडत असेल तर तिच्या कडेला पत्र्याची कॉलर करून खाली ग्लास वूल भरा.

दोन लिटर पाण्यात मॉड्यूलमधून आणि इकडूनतिकडून मिळून शंभरेक वॅट जात असतील तर दर दीड मिनिटाला एक अंश चढतो. २५ वरून ६५ ला जायला तासभर लागतो. तिथे पोचलं की फरक साठ-पासष्टवर येतो आणि एलईडी मंद दिसतो, तेव्हा पाणी बदला. मे महिन्यात टाकीचं पाणीच ३५ ला सुरू होतं, म्हणून माठातलं घ्या किंवा भांडं मोठं घ्या. जानेवारीत हाच सेट कितीतरी जास्त वेळ नीट चालतो.

पाणी बदलताना पातेलं एकदम उचलून रिकामं करायला नेऊ नका, तेवढ्या दोन मिनिटांत वरची प्लेट खालच्या इतकी तापते. तांब्यानं गरम काढा, गार ओता, पातेलं जागेवरच. काढलेलं गरम पाणी बादलीत जाऊ द्या. सिगडीची जी उष्णता मॉड्यूलमध्ये शिरते तिच्यातली ९६-९८ टक्के या पाण्यातच येते, आंघोळीला चालतं. खरं म्हणजे हा पाणी तापवायचा बंब आहे जो जाता जाता दिवा लावतो, आणि याच नजरेनं बघितलं तर तो परवडतो.

संपल्यावर सँडविच उचलून विटांवर ठेवा, पाण्यासकट, प्लेट हाताला कोमट लागेपर्यंत. पहिल्या काही वेळा वापरल्यावर बोल्ट ढिले पडतात कारण पेस्ट दबून पातळ होते, थंड असताना पाव पाव फेरा आवळा आणि सहाव्या पायरीतलं मोजमाप पुन्हा करा. पावसाळ्यात सेट ठेवायच्या आधी मॉड्यूलच्या कडा सिलिकॉन सीलंटनं बंद करून घ्या, आत ओल गेली की आतले जोड गंजतात.